कपाटाच्या दारावरची वजनं

२९ ऑगस्ट, शनिवार

आलो एकदाचे! सामान अजून खोक्यांत आहे, चहाचं पातेलं सापडत नाहीये आणि नवरोबांनी सगळ्यांत आधी कुठलं खोकं उघडलं असेल, तर रेडिओचं. तरी मी खूश आहे. बिअरच्या कारखान्याची ही वसाहत म्हणजे एकाच साच्यातली बारा घरं, मध्ये हिरवळ आणि पलीकडे कारखान्याची उंच चिमणी. नवरा तिथे बॉयलरवर इंजिनिअर म्हणून रुजू झाला. हवेत दिवसभर भाजलेल्या सातूचा गोडसर वास असतो. नवरा म्हणाला, आठवडाभरात नाकाला सवय होईल. मी म्हटलं, तुझ्या घोरण्याची झाली नाही अजून, वासाची काय होणार.

आमची कन्या सात आठवड्यांची. नावावर एकमत होत नाही, तोवर ती ढब्बू. मांड्यांना तीन-तीन वळ्या आहेत, दुसरं काही म्हणवत नाही.

घरात मला सगळ्यांत आवडलं ते स्वयंपाकघर. मोठी खिडकी आणि खिडकीशी एक बुटकी, रुंद हातांची खुर्ची. आधीच्या लोकांनी ती सोडून दिली म्हणे. पाजायला बसायला याहून चांगली जागा नाही. पाठ टेकते, कोपराला आधार मिळतो, पाय जमिनीला पुरतात. खुर्चीच्या डाव्या हातावर ग्लासच्या बुडाची पांढरट वर्तुळं उमटलीयत, एकात एक. कुणीतरी इथे बसून निवांत काहीबाही प्यायलं असणार.

आणखी एक गंमत. भांड्यांच्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने तारखा आणि आकडे लिहिलेत. चार रांगा, चार वेगवेगळी अक्षरं. बाळांची वजनं! म्हणजे माझ्यासारखे नोंदींचे किडे इथे आधी राहून गेलेत. नऊ वर्षं मी डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासलं. कॅन आला की लॅक्टोमीटर बुडवायचा, फॅट काढायची, रजिस्टरला चढवायची. सवय जात नाही. ढब्बूचं पाजणंसुद्धा मी याच वहीच्या मागच्या पानांवर लिहिते. आज दुपारचं: डावी १२ मिनिटं, उजवी १०.

१ सप्टेंबर, मंगळवार

दवाखान्यातली नर्स आली होती. दर मंगळवारी वसाहतीतल्या बाळांची वजनं करते. तिच्याकडे झोळीचा काटा आहे. ढब्बूला झोळीत टांगल्यावर तिने असा काही चेहरा केला, जणू आम्ही तिला बाजारात विकायला काढलंय. बरोबर पाच किलो. नर्स खुलली. बाई कमी बोलणारी, पण काम नेटकं. हात धुतल्याशिवाय बाळाला बोट लावत नाही.

मी कपाटाच्या दारावर पाचवी रांग सुरू केली. १ सप्टेंबर, ५.०००. माझा सात आणि माझा शून्य डेअरीत प्रसिद्ध होते. सातची शेपटी मी आत वळवते आणि शून्याला तोंड उघडं राहतं. साहेब म्हणायचे, तुमच्या शून्यातून दूध सांडतं.

एकच वाईट बातमी. कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात नवा बॉयलर बसतोय आणि नवऱ्याला गुरुवारपासून चार आठवडे तिकडे पाठवतायत. घर लावायच्या आत माणूस गायब. मी तोंड फुगवलं, मग त्याचीच बॅग भरायला घेतली.

४ सप्टेंबर, शुक्रवार

शेजारी स्टोअरकीपर राहतात. त्यांच्या बायकोला सगळी वसाहत काकू म्हणते. काकू आज दारात, आणि काकूंच्या पायाशी बारा बाटल्यांची पेटी. इथली जुनी पद्धत आहे म्हणाल्या. ज्या घरात अंगावर पिणारं बाळ, त्या घरी स्टोअरमधून दर शुक्रवारी काळ्या बिअरची एक पेटी. तिला नावच बाळंतिणीची पेटी. पान्हा चांगला फुटतो आणि बाळ गाढ झोपतं. त्यांची तीनही मुलं यावरच वाढली, आणि आता एकेक दारात मावत नाही.

मी हसण्यावारी नेलं. पण नवरा गेल्यापासून घरात करमत नाही. एका जागी बसवत नाही. सकाळपासून मी पडदे दोनदा काढून दोनदा लावले, खोकी या खोलीतून त्या खोलीत नेली. दुपारी एक बाटली उघडलीच. काळी, घट्ट, थोडी कडू, मागून गोड. खुर्चीत बसून प्यायले आणि पहिल्यांदाच अंगातली चुळबुळ थांबली.

बाळाची काळजी मी घेतलीच. आमच्या धंद्यातला साधा नियम, आचळाची पहिली धार कधी कॅनमध्ये घ्यायची नाही. ती टाकून द्यायची, पुढचं दूध स्वच्छ. मीही पिऊन झाल्यावर वाटीभर दूध पिळून मोरीत ओतलं आणि मग ढब्बूला घेतलं. दहा मिनिटांत ती गाढ झोपली. काकू म्हणाल्या ते अगदीच खोटं नाही.

७ सप्टेंबर, सोमवार

दुपारची एक बाटली, वाटीभर दूध मोरीत, मग ढब्बू. असा नेमच झालाय. ती झोपते पटकन, पण टिकत नाही. वीस मिनिटांत दचकून उठते, दोन्ही हात हवेत फेकते, रडते, पुन्हा डोळे मिटते. दिवसभर हेच तुकडे. तिच्याबरोबर माझेही तुकडे होतात. हातातलं काम पुरं होत नाही. अर्ध्या घासलेल्या भांड्यांशी उभी राहते आणि कशाला आले होते ते आठवत नाही.

८ सप्टेंबर, मंगळवार

५.१००. नर्स म्हणाली, या वयात आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम वाढायला हवेत, शंभर जरा कमीच. दूध पुरतं का, किती वेळा पाजता, तुम्ही काय खाता-पिता, सगळं विचारलं. मी वही दाखवली. पिण्याबद्दल म्हटलं, चहा. का खोटं बोलले कोण जाणे. ओशाळल्यासारखं झालं.

नर्स गेल्यावर दारावरच्या जुन्या रांगा नीट वाचल्या. चारही रांगा वर चढतात, मग थबकतात, मग खाली येतात. शेवटी आकडा नाहीच, नुसती एक आडवी रेघ. बदली होऊन गेले असतील. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, गेली हो सगळी, खुर्ची मात्र कुणी नेली नाही. आणि लगेच विचारलं, पेटी संपत आली का.

११ सप्टेंबर, शुक्रवार

दूध उतरत नाही. छाती दगडासारखी भरलेली असते, ढब्बू ओढते, ओढते, सोडून देते, माझ्याकडे बघते. नऊ वर्षांत मी इतकं दूध पाहिलं आणि माझं स्वतःचं मला काढता येत नाही.

काकू म्हणाल्या, एकाने भागत नसेल तर दोन घे. नवी पेटी आली. मी दोन घेतल्या. लिहितानाही लाज वाटते.

१५ सप्टेंबर, मंगळवार

५.०६०. चाळीस ग्रॅम गेले. नर्सने काटा दोनदा लावून पाहिला. मग माझ्याजवळ आली आणि अगदी हळू विचारलं की मी काय घेतेय. वास येत होता माझ्या तोंडाला. मी मूग गिळून बसणार होते, पण रडू फुटलं आणि सगळं सांगून टाकलं. पेटी, काकू, मोरीत ओतलेलं दूध.

ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, दूध म्हणजे झाकण लावलेला कॅन नव्हे. जे रक्तात, ते दुधात. रक्तातून उतरेल तेव्हाच दुधातून उतरेल, पिळून टाकल्याने काही होत नाही, त्याला वेळच द्यावा लागतो. एका ग्लासाला निदान दोन तास, दोनाला चार. पान्हा फुटण्याचं म्हणाल तर उलट आहे, दारूने दूध यायचं अडतं, बाळ कमी पितं. आणि त्या गुंगीला झोप म्हणत नाहीत, म्हणून ती सारखी दचकते. कधी एखादा घोट घेतलाच तर वेळ जाऊ देऊन पाजणाऱ्या बायका असतात, त्यात आभाळ कोसळत नाही, पण रोज आणि पाजायच्या तोंडावर, हे नको. शेवटी एक गोष्ट तिने मला तिच्यामागून म्हणायला लावली. प्यायल्यावर बाळाला घेऊन खुर्चीत डोळा लागू द्यायचा नाही. कधीच नाही. आईच्या अंगाखाली बाळ गुदमरतं आणि आईला कळतही नाही.

पहिली धार! दूध तपासणारी मी, आणि माझ्याच धंद्याच्या नियमाने फसले.

ती गेल्यावर उरलेल्या सगळ्या बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या. कानाला खडा. नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीत कारखान्यातल्या कागदी पट्ट्या आहेत, दारूचा अंश लागला की निळ्या होतात. आता रोज दूध तपासून मगच पाजणार.

१६ सप्टेंबर, बुधवार

थेंब घेतला नाही. घाम येतो, घरभर येरझारा चालू आहेत. पण जिवाला बरं वाटतंय. सकाळची पट्टी पांढरी. ढब्बू पंधरा मिनिटं प्यायली आणि माझ्याकडे बघून हसली, हिरड्या दाखवून.

१७ सप्टेंबर, गुरुवार

दुपारची पट्टी निळी.

पट्टी खराब असेल म्हणून दुसरी घेतली. तीही निळी. पाण्यात बुडवली, ती पांढरी. दोन दिवस मी काहीही घेतलेलं नाही. घरात एक बाटली नाही.

खुर्चीच्या डाव्या हातावर एक वर्तुळ ओलं होतं.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

कपाटातून पातेलं काढायला गेले. दारावर माझ्या रांगेत, १५ तारखेच्या खाली, आणखी दोन ओळी आहेत.

२२ सप्टेंबर, ४.८७०.
२५ सप्टेंबर, आणि पुढे रेघ.

२२ तारीख अजून यायची आहे. सातची शेपटी आत वळलेली. शून्याचं तोंड उघडं. अक्षर माझं आहे. मी लिहिलेलं नाही.

ओल्या फडक्याने पुसलं. अर्धा तास स्वतःला समजावलं की झोप नाही, डोकं जागेवर नाही, बरळत लिहिलं असेल. शिवाय २५ तारखेला शुक्रवार येतो. नर्स फक्त मंगळवारी येते, शुक्रवारी वजन करतं कोण? म्हणजे लिहिणाराच चुकलाय. या विचाराने जरा जिवात जीव आला.

१९ सप्टेंबर, शनिवार

काकूंना सांगायला गेले की पेटी बंद करा. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, अगं, काल तूच तर येऊन घेऊन गेलीस. एका हातात बाळ, दुसऱ्या हाताने पेटी ओढत. मदतीला येते म्हटलं तर नको म्हणालीस. हसलीससुद्धा.

घर उलथंपालथं केलं. पेटी कुठेच नाही.

२० सप्टेंबर, रविवार

नवऱ्याला फोन लावला. सगळं सांगितलं, दार, पट्टी, पेटी. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, तू प्यायली आहेस का? बोलताना जीभ जड येतेय तुझी.

मी प्यायलेले नाही. प्यायलेले नाही. शनिवारी येतो म्हणाला, त्याआधी सोडत नाहीत.

शनिवार म्हणजे २६.

दारावरच्या त्या दोन ओळी परत आल्यात.

२२ सप्टेंबर, मंगळवार

काट्याकडे बघवेना. नर्सने आकडा मोठ्याने वाचला.

४.८७०.

ढब्बूच्या मांडीची एक वळी गेलीय. नर्सचा आवाज आज वेगळा होता. पावडरच्या दुधाचा डबा दिला, प्रत्येक वेळी आधी तेच पाजायचं म्हणाली. आणि आता मंगळवारपर्यंत थांबायचं नाही. सकाळी नऊला ती स्वतः दवाखान्याची गाडी घेऊन येणार, वजन करून दोघींना भरती करणार. आधी गाडी मोकळी नाही.

कधी, विचारलं.

शुक्रवारी.

२३ सप्टेंबर, बुधवार

आजचा दिवस चांगला गेला. मुद्दाम लिहून ठेवते. डब्याचं दूध ढब्बूने गटागटा संपवलं. खणखणीत रडली. खुळखुळ्यामागे मान वळवली. तिचं ते रडणं ऐकून मला इतका आनंद झाला की मीही रडले. माझी बाय, तुला मी काही होऊ देणार नाही.

पट्टी तपासली नाही. अंगावर पाजायचंच नाही, तर कशाला.

२४ सप्टेंबर, गुरुवार

डबा उघडला. पावडर काठोकाठ आहे. चमचा कोरडा.

कालचं दूध मग कशाचं —

मागची पानं उघडली. माझ्या अक्षरात:
२३, सकाळ. डावी २०, उजवी २०. शांत.
२३, दुपार. डावी २५. शांत.
२३, संध्याकाळ. शांत.
शांत. शांत. पानभर.

मी असं लिहीत नाही. मी मिनिटं लिहिते. "शांत" मी कधीच —

पाळण्याखाली पेटी. चादरीने झाकलेली. बारापैकी दोन उरल्यात.

नर्सला फोन केला. शब्द नीट फुटेनात. ती म्हणाली गाडी उद्याच, सकाळी नऊ, तोवर बाळ पाळण्यात, अंगावर नाही, खुर्ची घराबाहेर काढा. काकूंकडे गेले, ढब्बूला एक दिवस ठेवून घ्या म्हटलं. पाया पडले. अंगावरचं लेकरू आईपासून तोडू नये म्हणाल्या. दार लावलं.

खुर्ची ओढत अंगणात नेली. घराला आतून कुलूप. किल्ली पिठाच्या डब्यात.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळचे आठ. पिशवी भरली. लंगोट, दुपटी, वही. ढब्बू पाळण्यात. मी उभी आहे, ओट्याला टेकून लिहितेय. बसणार नाही. एक तास. एकच तास.

साडेआठ. ढब्बू रडतेय. रडू दे. रडतेय म्हणजे आहे.

खुर्ची खिडकीशी आहे.

कुलूप तसंच. हाताला पीठ लागलंय माझ्या —

नऊला दहा.

मी बसलेय. कधी बसले? ढब्बू अंगावर आहे. डावीकडे. रडत नाही. खुर्चीच्या हातावर ग्लास, रिकामा, ओला. उठायचं. पाय माझे — उठत नाहीत — ऊब आहे फार —

लिहीत राहायचं. पेन चालतंय तोवर मी जागी. लिहीत राहिले तर डोळा लागणार नाही. नर्सने म्हणायला लावलं होतं. डोळा लागू द्यायचा नाही. डोळा लागू

समोर कपाटाचं दार उघडं आहे. २५. रेघ. रेघ नव्हे ती, आकडा लिहायचा राहिलाय फक्त. नर्स येईल. आकडा येईल. पाच किलो. पाच किलो शंभर. ढब्बू माझी

गाडी वाजली. फाटकाशी. कुणीतरी दार ठोठावतंय. हाक मारते. आवाज — येत नाही —

ढब्बूचा श्वास ऐकू येतोय. शांत. मोजते. एक. दोन. तीन. चार.

नाही, हा माझा आहे. हा माझाच श्वास आहे. तिचा